चिचिबूच्या देवीची ओटी

रवि. २ नोव्हें., कॅरी
तिकीट कॅन्सल केलं. वकीलबाई म्हणाल्या, व्हिसाचा शिक्का संपलाय, देशाबाहेर गेलात तर नवा मिळेपर्यंत बाहेरच. किती दिवस? "महिने धरून चला." आवाज इतका गोड की चीड यायलाही वेळ लागला.
आईला अमेरिकेचा व्हिसा नाकारला, म्हणून तर हा जपानचा घाट. धाकटी सोनू टोकियोत असतेच, आई नागपूरहून येणार, मी आणि लेक इरा इथून. बाबांच्या दिवसांना गेले होते, त्यानंतर आईला पाहिलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर दिसतं ते तिचं कपाळ. फार तर अर्धा चष्मा.

मंगळ. ४
आई टोकियोला पोचली. नारळ विमानतळावर ठेवून घेतला. दोन खण मात्र सुटले. दोघी लेकींची ओटी भरायची होती ना. "सोनूची भरली. तुझ्या खणाचं काय करू आता, सांग." म्हटलं, राहू दे.
फोन ठेवल्यावर नवऱ्यावर, मंदारवर, खेकसले. डिशवॉशर नीट लावत नाही म्हणून. बिचाऱ्याने सगळा रिकामा करून परत लावला. मलाच कसंतरी झालं.

शुक्र. ७
इथे संध्याकाळ, तिथे शनिवारची सकाळ. सोनू, तिचा नवरा केदार आणि आई चिचिबूला निघालेत. डोंगरातलं गाव, देवळंच देवळं. मी ओट्याशी, कुकर लावलेला. इराने टॅब धरलाय. सोनूने ट्रेनच्या खिडकीतून दाखवलं: कापणी झालेली भाताची शेतं, घरांमागे नारिंगी फळांनी लदबदलेली झाडं, पान एक नाही. मग लाल-पिवळा डोंगर. "तुमच्याकडेही असंच ना गं?" हो, असंच. पार्किंग लॉटच्या कडेकडेने.

पहिल्या देवळात आईने प्रदक्षिणा घातली. मागे वाटच नव्हती. कुणाच्या तरी मुळ्याच्या वाफ्यातून गेली, मागून केदार वाकवाकून माफी मागत. हसून हसून कुकरकडे लक्षच राहिलं नाही. खिचडी लागली.

दुसरं देऊळ कान्नोनचं. "दयेची देवी," सोनू म्हणाली, "म्हणजे देव की देवी, ते तसं नक्की नाही."
"चेहरा पाहा तिचा. देवीच आहे."
आणि आईने पिशवीतून माझा खण काढला! तांदूळ सोनूच्या डब्यातले, नारळ तिथल्या इंडियन दुकानातला. कधी जमवलं सगळं, सोनूलाही पत्ता नाही. हळदीकुंकवाची डबी सोनूने हातातून काढून घेतली. "आई, प्लीज. इथे असं नाही लावत." पण देवळातल्या म्हाताऱ्या बाईंनी ओटी दोन्ही हातांनी घेतली. त्या वाकल्या. आई वाकली. त्या परत. आई परत. मग आई पदर पसरून उभीच.
"ममा, व्हाय इज आजी नॉट मूव्हिंग?"
ओटीतलं थोडं परत मिळायची वाट पाहत होती. चार दाणे तांदळाचे. त्या बाईंना कसं कळणार? सोनू मागून, "चल ना, गाडी चुकेल."
"माझ्या पोरीच्या नावाची ओटी आहे. रिकाम्या पदरानं नाही येऊन राहिली मी."
तेवढ्यात रेंज गेली. मी उलथनं धरून तशीच. इराने टॅब गदागदा हलवला.

शनि. ८
फोटो आला. आईच्या पदरात दोन पर्सिमन, तीच गाडीतून दिसलेली नारिंगी फळं. त्या बाई आत जाऊन घेऊन आल्या म्हणे. आईच्या मते देवीनेच दिली. एक सगळ्यांनी वाटून खाल्लं. दुसरं खिडकीत ठेवलंय. "ते तुझं." फळ इथे पाठवता येत नाही, हे तिला सांगवलं नाही.
ग्रोसरीतून पर्सिमन आणलं. कच्चं निघालं, जीभ आखडली. इराने थुंकूनच टाकलं.
मला आई हवी आहे. बेचाळीस वर्षांची बाई मी, लिहिताना लाज वाटतेय. पण हवी आहे.

मंगळ. ११
मॅनेजरला विचारलं, अडकले तर तिकडून काम चालेल? "काही आठवडे ओके, देन वी विल सी." म्हणजे नाही.
मंदार म्हणतो, "तू जा. अडकलीस तर अडकलीस. इराचं मी बघतो." त्याला वेणी घालता येत नाही.
"आय कॅन डू माय ओन हेअर," इरा. मान वर न करता.
तिकिटं पाहिली. आहेत. नेमकी आहेत! नसती तर बरं झालं असतं.

गुरु. १३
आई आणखी दहा दिवस सोनूकडे. मग नागपूर. आज तिचाच फोन. सोनूने माझं यायचं बोलणं तिला सांगितलेलं दिसतंय.
"येऊ नको. नोकरी आहे, पोरगी आहे. शहाण्यासारखी राहा."
बरं म्हटलं. तिथली थंडी, तिचे गुडघे, केदार किती कमी जेवतो, सगळं बोलून झालं. ठेवता ठेवता म्हणाली,
"विमानतळावर बाहेर यायची दारं पुष्कळ आहेत बाई. अमेरिकेच्या विमानातले लोक कोणत्या दारातून निघतात, विचारून ठेवलं मी सोनूला. सहजच."
मी फोन ठेवला नाही. तिनेही नाही.