ठेंगणी गाडी सुलाचीच

मी, बनुबाई भ्रतार कै. कृष्णात रांजणे, वय अंदाजे एकसष्ट, धंदा दूध व शेती, राहणार मेढ्याखालची वाडी, तालुका जावली, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. मला भरीस घालणारा अजून जन्मायचा आहे.

१. माझ्या नावचे घर व ओढ्याकडचे वावर माझी एकुलती मुलगी सुलाबाई हिला.

२. गोल्फ खेळणाऱ्यांची पेट्रोलवरची ठेंगणी गाडी. माझे मालक महाबळेश्वरी एका साहेबाकडे ड्रायव्हर होते. साहेबाने देश सोडताना ती त्यांना दिली. मालकांनी मागे फळ्या ठोकून दुधाच्या किटल्यांना जागा केली आणि मला इंजिन शिकवले. ते वारल्यावर मी चालवली. नवऱ्याने टाकलेली सुला माहेरी आली, तेव्हापासून ती चालवते. त्यावर आमची चूल पेटते. ही गाडी सुलाची.

३. माझे दीर लालासाहेब म्हणतात, गाडी भावाची म्हणजे आमची. गेल्या खंडेनवमीला मी गाडी पूजायला ताट घेऊन निघाले, तर म्हणाले, "वैनी, बाजूला व्हा. इधवेचा हात नगं आजच्या दिशी. तुमच्या टाकलेल्या पोरीचा बी नगं." मी बाजूला झाले, हे माझे चुकले. त्यांनी हार घातला, टाकीत नुसते पेट्रोल ओतले आणि मिरवायला निघाले. या इंजिनाला पेट्रोलात ऑइल मिसळूनच द्यावे लागते, हे सुला सांगत होती. "गप गं, मला शिकवतीस व्हय?" वेशीपाशी इंजिन जाम झाले. बैल जुंपून गाडी घरी आणली. अपशकुन कुणाच्या हाताचा, ते वाडीने पाहिले.

सुलाने इंजिन उतरवून पिस्टन सोडवला, साताऱ्याच्या मिस्त्रीकडून रिंगा बसवून आणल्या. आठव्या दिवशी किटल्या मेढ्याला पोचल्या. भाऊजी म्हणाले, नशीब पोरीचं. नशीब नव्हे, अक्कल.

४. सुला, पेट्रोल फडक्यातून गाळ. ऑइल डब्यात मिसळ, हलव, मग टाकीत ओत. प्लग आठवड्याला घास. खंडेनवमीची पूजा तूच करायची, कुणाला विचारायला जायचे नाही.

५. हत्यारांची पेटी सुलाला. मोठा पाना भाऊजींकडे आहे, तो मागून घ्यावा.

६. माझी तिरडी खांद्यावरून नेऊ नये. ती गाडीवर ठेवावी आणि गाडी सुलाने चालवावी, भर वाडीतून नदीपर्यंत. बाया मसणात जात नाहीत हे मला ठाऊक आहे. सुला जाईल. भाऊजींना समोर बसवून हे वाचून दाखवले. "आवं वैनी, लोक काय म्हणतील?" म्हणाले. म्हणू देत. त्यांना यायचे तर मागून पायी यावे.

सुला, सावकाश चालव पोरी. मला घाई नाही, आणि सगळ्यांना नीट बघू दे.

वरील मजकूर ऐकला, माझ्या मनासारखा आहे.

बनुबाई कृष्णात रांजणे यांचा डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार, दोघांनी अंगठा उठताना पाहिला:
नाथाजी ओंबळे, शाळामास्तर (लिहिणार)
कोंडीबा सपकाळ, दूध संकलन, मेढा

मुक्काम मेढा, दि. ४ डिसेंबर १९७७