उपाशी पेशी

ती. बाबा,
इथूनच वाकून नमस्कार. तब्येत ठणठणीत आहे. वेळेवर जेवते, आईला सांगा.

माझं काम काय, हे तुम्ही प्रथमच विचारलंत. आम्ही पेशींना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवतो. मग खाऊ देतो. त्या हरखल्या, की लगेच बर्फावर ठेवून त्यांना फोडणारं द्रावण ओततो. त्या क्षणी आत कुठला निरोप धावत होता, तो तसाच हाती लागतो.

तुमच्या पत्रात जन्मातलं पहिलं 'शाबास' वाचलं आणि मी रडले. मग खालची ओळ वाचली: 'नोकरी सोड, स्थळ पक्कं केलंय.'

मी येणार नाही. आईचे गुडघे कसे आहेत?

बाबा, तुम्ही आमच्या प्रयोगशाळेत हवे होतात. ओतताना माझा हात अजून थरथरतो.

तुमचीच,
धाकटी