डावीकडचा हेडफोन

२ एप्रिल
आजपासून मी साउंड इंजिनिअर. कंपनीला रामराम ठोकला. सासरेबुवांनी विचारलं, पगार सोडून गाण्याची बटणं फिरवणार का? बघाच म्हणावं. स्टुडिओ शहापुरात, मेडिकलच्या मागच्या गाळ्यात. मालक मुकेशदादा. तो मला शिकवणार, असं त्याला वाटतं. मला कान उपजतच आहेत.

४ एप्रिल
डावीकडचा हेडफोन कमी वाजतो. दादाने लावून पाहिला, म्हणाला, बरोबर आहे. दादाचं वय झालंय.

५ एप्रिल
शास्त्रशुद्ध तपास केला. हेडफोन उलटा घातला, म्हणजे उजवी बाजू डाव्या कानाला. तीही कमी वाजली. सिद्ध झालं. दोन्ही बाजू बिघडल्यात.

९ एप्रिल
नवा हेडफोन आला. हाही डावीकडून कमी. हल्ली काही म्हणून धड बनवत नाहीत. दादा म्हणाला, कान दाखवून ये. मी म्हणालो, तू आधी वायरिंग दाखवून घे.

११ एप्रिल
संधी! मेव्हण्याच्या, म्हणजे वाळूच्या हळदीसाठी गाणं करायचंय. गाणार ताराआत्या. माझ्या बायकोची, रविनाची आत्या, मुरबाडकडच्या लग्नांत धवले, म्हणजे विधींची गाणी, गाते. रेकॉर्डिंग, मिक्सिंग, सगळं मी एकटा करणार. मांडवात सासरचं अख्खं गाव असेल. सासरेबुवांना तिथेच उत्तर.

१३ एप्रिल, दुपार
रेकॉर्डिंग झालं. आत्या डावीकडच्या माइकवर, मागे म्हणणाऱ्या बायका उजवीकडच्या. मध्येच रविना आत आली, मला गदागदा हलवलं. म्हणे, आत्या कधीची पाणी मागतेय. मागितलं असतं तर मला ऐकू आलं नसतं का?

१५ एप्रिल
मिक्सिंग. आत्या ऐकूच येईना. डावी बाजू वाढवली. अजून वाढवली. मग कुठे समसमान झालं. दादाने स्पीकरवर ऐकलं आणि खुर्ची मागे सरकवली. म्हणाला, जीवन, म्हातारी अंगावर येतेय रे. सांगितलं, धवल्याला दम लागतो.

मग म्हणाला, शेवटी आत्या हळूच काही बोलतेय, तेवढं काप. हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. कोणी बोलत नाही. गाण्यानंतर थोडी शांतता ठेवलीय, तिला क्लास म्हणतात. नाही कापणार. दादाने हात जोडले, गाणं तुझं, सासरवाडी तुझी, म्हणाला. हळूहळू लोक मानायला लागलेत.

२० एप्रिल
हळद. मी मुद्दाम मागे जनरेटरपाशी थांबलो, पुढेपुढे करायचा स्वभाव नाही. गाणं संपलं आणि अख्खा मांडव हसत सुटला. इतका आनंद! सासरेबुवा स्वतः चालत आले, पाठीवर हात ठेवला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून विचारलं, जेवलात का? नंतर सगळेच माझ्याशी मोठ्याने बोलत होते. कंपनीत असताना हे लोक धड बघतही नव्हते. रविना तेवढी रडवेली होती. भावाची हळद, भरून येणारच.

२३ एप्रिल
रविनाने दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं. माझी हरकत होती, ती नोंदवून ठेवतो. डॉक्टरांनी डाव्या कानातून मळाचा खडा काढला. चिंचोक्याएवढा. बाहेर आलो तर रिक्षावाले डावीकडूनही ओरडत होते.

तडक स्टुडिओ गाठला. गाणं लावलं. म्हातारी खरंच अंगावर येते. मागच्या बायका कुठे गेल्या, पत्ता नाही. गाणं संपलं. माझी शांतता सुरू झाली. तिच्यात ताराआत्या म्हणते, "झाला का गो? जावई बहिरा हाय आपला. रविनाला कुनी बोलू नका, पोरीला वाईट वाटंल."

हे मांडवात वाजलं. रविना मांडवात होती. लाज वाटली, खूप वाटली.

पण खरं ते लिहितो. शब्द न् शब्द स्पष्ट आहे. मुकेशदादाच्या स्टुडिओत इतकं क्लिअर रेकॉर्डिंग आजवर कोणी केलेलं नाही.