दादाचे आधी फेडले

९ फेब्रुवारी

बॉयलर गेला, दोन्ही मोठी मशीनं गेली. ड्रायर बाहेर काढताना भिंतीचा कोपरा खरवडला. हमाल ओशाळला. आता त्या भिंतीचं काय घेऊन बसलाय!

हॉस्पिटलच्या चादरी बंद झाल्या तेव्हाच लॉन्ड्री संपली होती. मीच ओढत राहिले. आता दिवाळखोरीचा अर्ज – दुसरा रस्ता नाही.

१० फेब्रुवारी

मशीनांचे पैसे रोख मिळाले. आधी इस्त्रीवाल्या दोघींचा थकलेला पगार दिला. उरलेले तसेच दादाकडे नेले. बॉयलर घेताना त्याने नोकरी सुटल्यावर मिळालेली सगळी रक्कम मला काढून दिली होती. कधी परत देशील, असं एका शब्दाने विचारलं नाही. बँक, साबणवाला, वीजबिल – बघू नंतर.

दादा म्हणाला, तुला लागतील की. मी म्हटलं, ठेव. वहिनींनी ते उचलून आत नेले.

आज झोप लागेल.

२४ फेब्रुवारी

दादाने जुना टेम्पो घेतला! दुकानांचा माल पोचवायचं काम मिळालंय. फोनवर आवाज कसा मोकळा झालाय त्याचा.

३ मार्च

वकीलबाईंनी विचारलं, अर्जाआधी नातेवाइकांना काही दिलंय का? मी विचारलं, का हो? तर म्हणाल्या, बाकीच्यांना कोरडं ठेवून घरच्यांचं फेडलं, तर कोर्ट ते पैसे त्यांच्याकडून काढून घेतं आणि सगळ्यांत वाटतं. पगाराचं वेगळं.

"दिलेत का?"

"नाही."

कसं निघून गेलं तोंडातून! मशीनांचे पैसे कुठे गेले, त्यांनी विचारलं. पगार, घरखर्च. त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.

४ मार्च

दादाला फोन लावला. तो टेम्पोत होता. जेवलास का, एवढंच विचारून ठेवला.

८ मार्च

साबणवाला आला. रिकाम्या खोलीत उभं राहून बोलावं लागलं, खुर्च्याही गेल्यात. आवाज चढवला नाही त्याने. दोन वर्षं उधारीवर पावडर दिली, निदान थोडं तरी द्यायचं होतंत, म्हणाला. मी खाली मान घातली. जाताना दारातून वळला –

"तुमच्या भावाचा टेम्पो पाहिला. बरा आहे."

पुढच्या आठवड्यात कोर्टात तोही येणार. ज्यांचं माझ्यावर देणं आहे त्या सगळ्यांना बोलावलंय.

९ मार्च

दादाला सांगितलं. तो टेम्पोवरची ताडपत्री बांधत होता. ऐकत ऐकत दोरी आवळत राहिला. मी वकीलबाईंशी खोटं बोलले तेही सांगितलं. त्याने पुढची गाठ मारली. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वहिनी रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. "ताई, आमचं नाव काढू नका हो. आता कुठे घर उभं राहतंय."

नाही काढणार म्हटलं.

१३ मार्च

खरं सांगितलं तर दादा बुडतो. लपवलं आणि पकडले गेले तर मी. ज्याचं मनापासून भलं करायला गेले, त्यालाच फासात अडकवलं. कुणाला विचारू? वकीलबाईंना विचारायची सोय मीच घालवली. दिवसभर बॉयलरच्या रिकाम्या चौथऱ्यावर बसून होते.

१६ मार्च

आज कोर्ट. शपथ झाली. अधिकाऱ्यांनी तोच प्रश्न विचारला. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून दादाचा आवाज – "मला दिलेत. परत आणलेत."

पिशवी टेबलावर ठेवली, पावती घेतली आणि माझ्याकडे न बघता निघाला. खिडकीतून दिसला. बसस्टॉपवर उभा होता.