आत्याचा नैसर्गिक फोटो

३ मे १९३६, दुपार.
वाचनालयात एका जर्मन फोटोग्राफरचं पुस्तक पाहिलं. बायको केस विंचरतेय, म्हातारी आई शेंगा सोलतेय. घरचीच माणसं, आणि काय आर्ट! कचेरीत फायली शिवून शिवून माझा जीव घुसमटलाय. सुटका सापडली. कॅमेरा होताच, नजर नव्हती. ती आज आली.

५ मे.
चतुराला म्हटलं, केस विंचरत बस, फोटो काढतो. म्हणाली, केस मोकळे सोडून? लोक शेण घालतील तोंडात! मग नथ, ठुशी, शालू घालून खुर्चीत येऊन बसली, पोलिसांनी पकडून आणल्यासारखी. बायको गुणी आहे, पण आर्टच्या नावाने शंख.

८ मे.
नवसाआत्या म्हणते, फोटो काढला की आयुष्य घटतं. ठीक आहे. दुपारी ओसरीवर झोपली होती. हात छातीवर, तोंड किंचित उघडं. गुपचूप काढला. मास्टरपीस!

१४ मे.
प्रिंट आली. अप्रतिम! लगेच राजीनामा दिला. साहेब एका शब्दानेही थांबवेनात. गहिवरले असावेत. फोटो मेनरोडला लियाकतभाईंच्या फ्रेमच्या दुकानात दर्शनी लावायला दिला. आता गिऱ्हाइकांची रीघ.

१६ मे.
घोळ झाला. लियाकतभाईंकडे मोठे फोटो येतात ते गेलेल्यांचेच. त्यांनी भल्या मनाने आत्याला झेंडूचा हार घातला. कुणीतरी ते पाहून वणीला कळवलं, आणि तिथून तिचे दीर गोटीराम रडत आले. दार आत्यानेच उघडलं. ते उंबऱ्यातच मटकन बसले. आत्याने माझ्याशी बोलणं टाकलं, चतुरानेही. कचेरीत जाऊन राजीनामा परत मागितला. साहेब म्हणाले, मंजूर झाला, जागाही भरली. आता काय करू?

२१ मे, सकाळ.
अखेर कदर झाली! पंचवटीचे एक गृहस्थ आले. आत्याचा फोटो बघून डोळे भरले म्हणे, इतका शांत चेहरा कुणाला साधत नाही. त्यांना आईचा तसाच हवाय. मी स्पष्ट सांगितलं, माझ्याकडे पोझ चालत नाही, माणूस नैसर्गिक हवं. ते म्हणाले, त्याची काळजी नको, आई पहाटेच गेली. ऊन चढायच्या आत या.
नाही म्हणायची सोय कुठे उरलीय?
निघताना चतुरा इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली. आल्यावर अंघोळ केल्याशिवाय कुणाला शिवायचं नाही. आणि यापुढे कॅमेरा घरात आणायचा नाही.