फाटका आवाज

चि. धाकटीस,

हे पत्र टपालात टाकणार नाही. एकदा लुडबुड केली तेवढी पुरे. तुझ्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गिटारचा आवाज फाटतोय म्हणून मी गुपचूप तुझा अ‍ॅम्प ‘दुरुस्त’ केला. जन्मभर स्पीकर दुरुस्त करणारा माणूस, राहवलं नाही. स्टेजवर गिटार गोड वाजली आणि तू घर सोडलंस.

हल्ली दुकानात तुझ्या त्या मेटल संगीताचे नवे अल्बम लावतो. पोस्ट-रॉक वाजवणारे बँडही ऐकतो; ते आठ मिनिटं हळूहळू सूर चढवत नुसती तयारी करतात. नवव्या मिनिटाला माझ्या अंगावर काटा येतो.

आज एक बाई मुलीचा अ‍ॅम्प घेऊन आल्या. म्हणाल्या, “आवाज फाटतोय.” मी ऐकला आणि न उघडताच परत दिला.

म्हटलं, “बाई, तिला तो असाच हवाय.”

तुझा,
बाबा