पाय माझे, टाळ्या नत्थुजीला

अकोला, मे १९५८

बडनेऱ्याचे आमचे जवाई देवराव यांस जानराव बँडमास्तरचा नमस्कार. तुमची स्टेशनावरची ड्युटी आणि आमच्या लेकीचे, शकुनचे गुडघे, दोन्ही आता सुधारले असतील असं धरून चालतो. इकडे सर्व क्षेम आहे. फक्त नत्थुजी अमरावतीला येऊन बसला आहे.

(हा पूर्वी आमच्याच बँडात क्लॅरिनेट वाजवत असे. मुंबईला गेला आणि सिनेमाच्या गाण्यांत कुठे बासरी, कुठे व्हायोलिन ते ठरवू लागला. चाल एकाची, गळा दुसऱ्याचा, आणि पेपरात फोटो याचा.)

परवा अमरावतीला एका वकिलाच्या मुलीचं लग्न होतं. वरपक्षाकडून आमचा बँड, वधूपक्षाकडून नत्थुजीचा आर्केस्ट्रा. त्याची माणसं मांडवात खुर्च्यांवर बसून वाजवतात. आम्ही उन्हात चालत. मनात आलं, याचंच गाणं याच्या दारात याच्यापेक्षा मोठ्यानं वाजवावं. रेडिओवर ऐकून बसवलं होतंच. पहिलं कडवं झकास गेलं. मग मधला तुकडा आला आणि कॉर्नेट एकीकडे, क्लॅरिनेट दुसरीकडे, ढोल तिसरीकडे गेला. नवरदेवाचा घोडा मागे वळला आणि जानवशाच्या वाटेला लागला. नवरदेवाचे मामा म्हणाले, "मास्तर, घोड्याले समजून राह्यलं, तुमाले काहून नाई समजत?"

तेवढ्यात नत्थुजी बाहेर आला. आमच्या माणसाच्या हातातली क्लॅरिनेट घेऊन त्यानं तो तुकडा असा वाजवला, की आमचे कॉर्नेट आणि ढोल दोघंही मुकाट्यानं त्याच्यामागे आले. घोडाही आला. मग त्यानं सगळ्यांदेखत माझे पाय धरले. "हे माये मास्तर. फुंकाले मले यायनंच शिकवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या त्याच्या नम्रपणाला. पाय माझे, टाळ्या त्याला. त्यापेक्षा चारचौघांत दोन शब्द वाईट बोलला असता तर मी सुखानं जेवलो असतो. घरी केशरबाई म्हणते, "असा चेला भेटाले नशीब लागते." तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं आहे.

मोठ्यांना नमस्कार, शकुनला आशीर्वाद.

तुमचा
जानराव

ता. क. नत्थुजी मुंबईला जाताना बडनेऱ्याला गाडी बदलेल. त्याला चहा पाजा आणि तो मधला तुकडा कागदावर लिहून मागा. कोणासाठी विचारलं, तर धारणीच्या एका बँडवाल्यासाठी म्हणा.

पुन्हा ता. क. तो विलायती सुरांच्या खुणांत लिहील, त्यांखाली सा रे ग म लिहायला सांगा. धारणीच्या माणसाला खुणा वाचता येत नाहीत.